पाटीची मागची बाजू

संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत काकीचं घर सगळ्यात शेवटचं. त्यापुढे गडगा आणि गडग्यापलीकडे डोंगर. तिच्या परसात औषधाची म्हणून सात झाडं होती, पण ती कुणी मुद्दाम लावल्यासारखी दिसत नसत. न्हाणीच्या पाण्यावर गवती चहाचे दोन ठोंब. त्याच्या शेजारच्या वाफ्यात आलं आणि हळद. हळदीची पानं श्रावणात पातोळ्यांना जायची आणि गड्डे पाला वाळल्यावर, थंडी सरता सरता निघायचे. फुटक्या माठात पानओवा, गडग्याच्या सांदीत कोरफड, दारात तुळस. आणि मागच्या अंगाला वईभर अडुळसा. अडुळशाला गुरं तोंड लावत नाहीत, म्हणून तो मूळचा कुंपणाचा गडी. औषध हा त्याचा जोडधंदा.

एवढ्यावर काकी वाडीचं किरकोळ दुखणंखुपणं बघायची. म्हणजे औषध द्यायचीच असं नाही. कुणी आलं की आधी ओट्यावर बसवायची आणि विचारायची. किती दिवस झाले? ताप आहे? रात्री झोप लागते? लघवीचा रंग कसा आहे? दुसरी कुठली गोळी चालू आहे? निम्मी माणसं औषधाशिवायच परत जायची. “आज नुसती पेज खा, उद्या बघू,” किंवा “हे माझं काम नाही, सकाळच्या गाडीनं दवाखान्यात जा,” एवढंच ऐकून. खोकला पंधरा दिवसांच्या वर गेला असेल तर ती अडुळशाकडे वळायचीसुद्धा नाही. दोन आठवड्यांहून जास्त खोकला राहिला तर क्षयासाठी थुंकी तपासायची असते, हे आरोग्य खात्याच्या आशाताईनं तिला एकदा सांगितलं होतं आणि काकीनं ते पक्कं धरलं होतं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये, हेही आशाताईनंच सांगितलं. काकीच्या सासूनं जन्मभर मध चाटवला होता. काकीनं ऐकल्या दिवसापासून बंद केला आणि त्यावर वाद घातला नाही.

एकदा शेजारच्या पोराचा हात चुलीवरच्या टोपाला लागून पोळला. आई त्याला घेऊन धावत आली आणि कोरफड कोरफड करू लागली. काकीनं पोराचा हात आधी रांजणातल्या पाण्याच्या धारेखाली धरला, आणि बराच वेळ धरला. तोवर तोडलेलं कोरफडीचं पान तिनं भिंतीला उभं टेकवून ठेवलं. पानाच्या सालीखालचा पिवळा चीक खाली ओघळून गेला पाहिजे. तो कडू असतो, कातडीला झोंबतो आणि पोटात गेला तर जुलाब करतो. चीक निथळल्यावर तिनं गर काढला, धुतला आणि मग लावला. त्या बाईला हा सगळा वेळकाढूपणा वाटला. वाडीत काकीबद्दल एकूण मत असंच होतं, की हात आखडता आहे, विचारतेच फार.

२०२० साली टाळेबंदीत मुंबईचे चाकरमानी गावाला परतले, त्यांत काकीचे पुतणे नानाही आले. बँकेतून निवृत्त झालेले, प्रकृतीनं धडधाकट, आणि रिकामं बसणं ठाऊक नसलेले. ते दिवस काढ्यांचे होते. मार्च अखेरीला आयुष मंत्रालयानं तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ आणि मनुका घालून काढा दिवसातून एकदोनदा घ्यावा असं सुचवलं होतं. लोकांनी ‘एकदोनदा’ हा शब्द सोडून बाकीचं सगळं लक्षात ठेवलं. नानांनीही पुस्तकं मागवली, रोपवाटिकेतून रोपं आणली आणि त्या पावसाळ्यात घरामागच्या पडीक कुणग्यात साठेक वनस्पतींची बाग उभी केली. शतावरी, ब्राह्मी, वेखंड, निर्गुडी, माका, सर्पगंधा, काय नव्हतं? दर झाडापुढे निळ्या रंगाची पत्र्याची पाटी, तिच्यावर पांढऱ्या अक्षरात नाव, संस्कृत नाव आणि उपयोग. ‘अडुळसा: खोकला, दमा.’ ‘गुळवेल: ताप, प्रतिकारशक्ती.’ ‘सर्पगंधा: रक्तदाब.’ बँकेतला माणूस, अक्षर मोत्यासारखं. बाग खरोखर देखणी होती, आणि नाना मनानं उदार. मागेल त्याला मूठभर पाला, वर घरी नेऊन लावायला एक काडी. पैसा कुणाकडून घेतला नाही. वाडीचा ओढा काकीच्या ओट्याकडून नानांच्या फाटकाकडे वळला, यात नवल नव्हतं.

सर्पगंधेपाशी नाना पाहुण्यांना हमखास थांबवत. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी याच मुळीचा रक्तदाबावरचा अभ्यास १९४९ साली ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात छापला आणि जगभरच्या डॉक्टरांचं लक्ष तिच्याकडे वळलं, पुढे १९५२ साली तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं, ही हकीकत ते रंगवून सांगत. हकीकत खरी आहे आणि अभिमान वाटावा अशीच आहे. काकीनं ती एकदा शेवटपर्यंत ऐकून घेतली.

“म्हणजे त्या डॉक्टरांनी मोजून दिली ना रे मुळी?”

“अर्थात. रोज रक्तदाब बघून.”

“मग तू किती देणार? उगाळून एक वेढा, की दोन? आणि ज्याला देशील त्याचा दाब रोज कोण बघणार?”

नाना हसले. “अगं, मी कुठं देतोय? शोभेला लावलीय.”

“तसं पाटीवर लिही मग,” काकी म्हणाली आणि घरी गेली. नानांनी लिहिलं नाही. काकीला सगळ्यात खोट काढायची सवय आहे, असं त्यांनी बायकोला सांगितलं. (रेसर्पिनचं प्रमाण वाढलं तर माणूस खिन्नतेत बुडू शकतो, असं वैद्यकात नंतर नोंदलं गेलं. काकीला यातलं काही ठाऊक असणं शक्य नव्हतं. तिला एवढंच कळत होतं, की जे इतकं गुणाचं आहे ते जास्त झालं तर तितकंच नडेल.)

थंडीच्या दिवसांत वरच्या घरातली नवी सून नानांच्या बागेतून अडुळशाच्या पानांची जुडी घेऊन निघाली होती. वाटेत काकीनं हटकलं.

“कुणाला गो पानं?”

“मलाच. चार दिवस खोकतेय. नाना म्हणाले काढा कर, दोनदा घे.”

“पाळी कधी आली होती?”

पोरगी गप्प. मग खालच्या मानेनं म्हणाली, “दीड महिना होऊन गेला. घरात अजून बोलले नाही.”

काकीनं जुडी हातातून काढून घेतली आणि वईत टाकून दिली. “वाफ घे, मिठाच्या गुळण्या कर, आल्याचा लहानसा तुकडा गुळाबरोबर चघळ. हे पान या दिवसांत तुझं नाही. आणि आशाताईला आजच भेट.”

अडुळशाबद्दल पाटीवर जे लिहिलं होतं त्यात चूक काहीच नव्हती. दुकानात मिळणाऱ्या खोकल्याच्या कितीतरी औषधांत असणारं ब्रोमहेक्झिन हे अडुळशातल्या व्हॅसिसीन या द्रव्याच्या धाग्यावरूनच घडवलेलं आहे. पानाचा गुण प्रयोगशाळेनंही मानला आहे. पण तेच व्हॅसिसीन गर्भाशयाला आकुंचन आणतं. पान तेच, द्रव्य तेच, फक्त माणूस बदलला की काम बदलतं. काकीला व्हॅसिसीन माहीत नव्हतं. गरोदर बाईला अडुळसा द्यायचा नाही हे तिच्या सासूनं सांगितलेलं होतं, आणि बाईला विचारल्याशिवाय ती गरोदर आहे की नाही हे कळत नाही, हे तिचं तिला कळलेलं होतं.

संध्याकाळी ती नानांकडे गेली. नाना जरा चिडलेच.

“काकी, पाटीवर लिहिलंय ते खोटं आहे का?”

“खोटं नाही. अर्धं आहे.”

नानांना ते लागलं, पण पटलं असं नाही. माणसं शहाणी असली की पटायला वेळ लागतो. बाग तशीच चालू राहिली. त्या अडुळशाच्या पाटीवर त्यांनी एक ओळही वाढवली नाही, कारण जागा उरली नव्हती.

पुढचं प्रकरण गुळवेलीचं. बागेतली वेल अजून कोवळी होती, म्हणून नाना बांधावरच्या जुन्या शेवग्यावर चढलेल्या वेलीची अंगठ्याएवढी जाड खोडं कापून आणत आणि त्यांचा काढा करत. खालच्या आळीतले एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर रोज सकाळी फुलपात्र घेऊन हजर. नियमानं. पाऊस असो, थंडी असो. करोनाची भीती होती आणि या काढ्यानं आपल्याला काही होणार नाही असा त्यांचा विश्वास बसला होता. महिन्यामागून महिने गेले. काकीनं एकदा त्यांना रस्त्यात विचारलं, “किती दिवस झाले घेताय?”

“दिवस कसले, वर्ष होत आलं!” कंडक्टर छाती काढून म्हणाले.

“आजार कुठला आहे?”

“कुठलाच नाही. म्हणून तर घेतो.”

“औषधानं पाहुण्यासारखं यावं. काम झालं की जावं,” काकी म्हणाली. कंडक्टरांनी ते हसण्यावारी नेलं.

२०२१ च्या पावसाळ्यात त्यांची भूक गेली. अंग जड, तोंडाला चव नाही. त्यांनी काढ्याच्या एका फुलपात्राची दोन केली. आठवड्यानं डोळे पिवळे दिसायला लागले, तेव्हा काकीकडे आले. काकीनं डोळ्याची पापणी ओढून पाहिली, लघवीचा रंग विचारला आणि तिथल्या तिथे रिक्षा बोलावली. कावीळ उतरवणारी मंत्राची माळ, कानात पिळायचा पाला, असल्या गोष्टी वाडीत अजून चालतात. काकीनं त्यातलं काही केलं नाही, आणि हे तिचं सगळ्यात मोठं औषध होतं असं मला वाटतं.

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं. यकृताला सूज होती. संसर्गाच्या काविळीचं तपासण्यांत काही निघालं नाही, दारू नव्हती. “दुसरं काय घेता?” या प्रश्नाला कंडक्टरांनी आधी “काही नाही” असंच उत्तर दिलं, काढा हे औषध आहे असं त्यांच्या डोक्यातच नव्हतं. बरोबर गेलेल्या काकीनं ते सांगितलं. डॉक्टरांनी काढा बंद केला, इतर उपचार केले, आणि काही आठवड्यांत आकडे उतरू लागले. गुळवेलीनंच झालं असं त्यांनी छातीठोकपणे म्हटलं नाही. एवढंच म्हणाले, की संशय पक्का आहे आणि पुन्हा घेऊन बघायची जोखीम मी पत्करणार नाही.

त्याच वर्षी मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. त्यावर आयुष मंत्रालयानं हरकत घेतली, की गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी एक वेल असते. लोकांनी घेतलं ते नेमकं काय होतं हे आधी तपासायला हवं होतं. हरकत अगदीच पोकळ नव्हती. पण पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांतल्या ४३ रुग्णांची माहिती एकत्र छापून आली, तेव्हा धोक्याचा इशारा खरा आहे हे म्हणणं अधिकच बळावलं. इकडे वाडीत नाना बांधावर जाऊन वेलीचं खोड निरखून आले. पानं हृदयाच्या आकाराची, गुळगुळीत. खोडावर फोड नाहीत. वेल अस्सल गुळवेलच होती. ओळखण्यात चूक नव्हती, त्यामुळे नानांना स्वतःची समजूत घालायला जागाच राहिली नाही.

पुढचे काही दिवस बाग बंद होती. नाना पुस्तकं चाळत बसले. चरकसंहिता त्यांच्या कपाटात होतीच, उपयोगांच्या यादीसाठी घेतलेली. या वेळी त्यांनी ती पहिल्यापासून वाचायला घेतली, आणि पहिल्याच अध्यायात अडकले. चरक तिथे सांगतात, की वनस्पतींची नावं आणि रूपं गुराख्यांना, शेळ्यामेंढ्या राखणाऱ्यांना आणि रानात राहणाऱ्यांनाही ठाऊक असतात. तेवढ्यानं औषध कळलं असं होत नाही. कुठल्या जागी, कुठल्या वेळी, कुठल्या माणसाला, हे ज्याला योजता येतं तोच जाणता. आणि न कळलेल्या औषधाची गणना चरक विष, शस्त्र आणि अग्नी यांच्या पंगतीत करतात. एवढा मोठा ग्रंथ, आणि ही ताकीद अगदी दारातच टांगलेली. घाईनं आत शिरणाऱ्याला ती दिसत नाही.

नाना काकीकडे गेले ते बाग उपटून टाकतो म्हणायला.

काकी त्यांच्याबरोबर कुणग्यात आली. तिनं अडुळशासमोरची पाटी उपटली आणि उलटी केली. मागे नुसता निळा रंग.

“इथे लिही. कुणाला द्यायचं नाही. किती द्यायचं. किती दिवसांनी थांबायचं. आणि काय दिसलं की दवाखान्यात पाठवायचं.”

“अडुळशाचं तू सांगशील. बाकीच्यांचं मला कुठं माहीत आहे?”

“मग ज्याची मागची बाजू कोरी, ते झाड नुसतं बघायचं. तोडायचं नाही.”

नानांनी मग जे विचारलं ते आधीच कुणीतरी विचारायला हवं होतं. “काकी, तुला एवढं ठाऊक होतं, तर तू आजवर कुणाला सांगितलं का नाहीस?”

काकी घुटमळली. औषध सांगितलं की त्याचा गुण जातो, असं तिच्या सासूनं बजावलं होतं. आपल्याकडे गावोगाव हा समज आहे, आणि त्यानं जेवढं नुकसान केलं तेवढं अज्ञानानंही केलं नसेल. किती वैदू, किती सुइणी, किती म्हाताऱ्या ओठ मिटून गेल्या आणि त्यांच्याबरोबर पिढ्यांनी पारखून घेतलेलं ज्ञान जळून गेलं. उरली ती फक्त झाडांची नावं, पाट्यांवर लिहायला. ज्यांना मर्यादा ठाऊक होत्या ते बोलले नाहीत, आणि जे बोलले त्यांना मर्यादा ठाऊक नव्हत्या. काकीही या दोषातून सुटत नाही. तिनं वर्षभर आधी पुतण्याला शेजारी बसवून घेतलं असतं, तर कदाचित कंडक्टरांचे डोळे पिवळे झाले नसते.

तिनं सांगायला सुरुवात केली. सासूचा शाप बिप काही लागला नाही.

काकीच्या सांगण्याची रीत नानांना सुरुवातीला फार संथ वाटली. सासूनं तिला शिकवलेली पद्धत अशी, की एखादं झाड वापरायला घेण्याआधी ते वर्षभर बघायचं: पालवी, फूल, फळ, पानगळ. नाना एकदा डोंगरावरून कुड्याची साल घेऊन आले. कुड्याची साल हगवणीवर नावाजलेली आहे, पुस्तकात आहे. काकीनं एक तुकडा दाताखाली धरला आणि थुंकून टाकला. “ही कडू कुठं आहे? शेंगा बघितल्यास का?” दुसऱ्या दिवशी दोघं चढून गेली. शेंगांची जोडी टोकाशी एकमेकींना चिकटलेली होती. तो निघाला काळा कुडा. औषधाचा तो पांढरा कुडा. त्याच्या शेंगा जोडीनंच लोंबतात पण टोकं सुटी असतात, साल जिभेवर टेकवत नाही इतकी कडू, आणि त्याच्या फुलांची भाजी पावसाच्या तोंडावर काकी दरवर्षी करायची. नानांनी ती भाजी लहानपणी खाल्लेली होती. झाड कधी पाहिलं नव्हतं.

नानांची बँकेतली सवय इथे उपयोगी पडली, हे सांगायला हवं. त्यांनी खातेवही आखली. तारीख, वय, तक्रार, चालू असलेल्या गोळ्या, काय दिलं, किती दिलं, किती दिवस, पुढे काय झालं. ‘काय दिलं’च्या रकान्यात बऱ्याचदा ‘काही नाही, दवाखान्यात पाठवलं’ अशी नोंद असते. महिन्यातून एकदा डॉक्टरीणबाई वही चाळतात. मधुमेहाची गोळी चालू असलेल्या एका बाईला नानांनी कसलासा रस दिला होता, तिथे त्यांनी लाल रेघ मारून ठेवली. नाना ती रेघ येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात. पूर्वी सर्पगंधेपाशी थांबवत, तसं आता या रेघेपाशी थांबवतात.

आज बागेत पाट्या साठच आहेत. मागची बाजू भरलेली आहे अकरांची. त्यात काकीची सात आहेत, पांढरा कुडा आहे, आणि तीन नानांनी स्वतः वर्षभर बघून, विचारून, डॉक्टरीणबाईंकडून तपासून लिहिलेली. त्या तिनांतल्या गुळवेलीची मागची बाजू भरलेली असली तरी तिथे ‘वैद्य किंवा डॉक्टर यांना विचारल्याशिवाय नाही’ एवढं एकच वाक्य आहे. बाकीच्या झाडांवर मधमाश्या येतात, शाळेची मुलं येऊन पानं ओळखायला शिकतात. कंडक्टर बरे आहेत आणि सकाळी फुलपात्रातून चहा पितात.

तुमच्याकडे गॅलरी असेल तर पाऊस सुरू झाला की गवती चहाचा एक ठोंब लावा. कुणाकडेही फुकट मिळतो. पानओव्याची काडी कुंडीत खोचली की जगते, आल्याचा डोळा आलेला तुकडा मातीत गेला की फुटतो. घरात किंवा गावाला एखादी काकी उरली असेल, तर या सुट्टीत वही घेऊन तिच्याजवळ बसा आणि झाड कशावर चालतं हे विचारण्याआधी कुणाला चालत नाही ते विचारा. आणि डॉक्टरांपुढे बसाल तेव्हा चालू असलेल्या गोळ्यांची यादी सांगताना, सकाळी घेत असलेल्या काढ्याचं नावही न विसरता सांगा.